टोमॅटोची भावकी

2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरावर गेला आणि आमच्या घरात त्याची बढती झाली. तोवर तो फ्रिजच्या तळच्या खणात कोथिंबिरीच्या जुडीखाली दबून दिवस काढायचा. आता त्याला दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात स्वतंत्र खोबण मिळाली. ही एका टोमॅटोच्या आठ फोडी करायची, आणि कोणाच्या पानात किती गेल्या याची नोंद मनातल्या मनात ठेवायची. माझ्या पानात दोन आल्या की आमटी वाढताना पळी नुसती वरवर फिरायची.

अशाच एका सकाळी ती टोमॅटो चिरत होती आणि मी शेजारी उभा राहून मदत केल्यासारखं करत होतो. सुरीखालून निघालेला बियांचा ओघळ सिंकच्या दिशेने चालला होता. तेवढ्यात माझ्यातला निवृत्त हिशेबनीस जागा झाला. भाव काय तो गराला, बिया फुकट. एका टोमॅटोत शंभर-दीडशे बिया सहज निघतात. एका बीचं एक झाड, एका झाडाला वाईटात वाईट धरलं तरी दोन किलो. म्हणजे हा एक टोमॅटो वाहून जाताना दोन-तीनशे किलो माल घेऊन चाललाय! बाजारात तुरी म्हणतात तसला हा प्रकार होता, पण तुरीच्या गोष्टीतल्या भटाकडे निदान कॅल्क्युलेटर नव्हता. मी ओघळ चहाच्या कपात वळवला.

नारायणगावच्या मावसभावाला, अण्णाला, फोन केला. त्याच्या तीन पिढ्या मातीत आणि दोन टोमॅटोत गेल्यात.

"अरे, ते हायब्रीड हाये. त्याचं बी धरत नसत्यात," तो म्हणाला.

"का? उगवत नाही?"

"उगवतं की. पण बापासारखं पोरगं निघत नाही."

"अण्णा, ते कोणाच्या घरी निघतं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. अण्णाचा मुलगा हिंजवडीत संगणकावर बसतो आणि गावी आला की चिखलाला नाक मुरडतो. "लाव मग," अण्णा म्हणाला. "तुला काय पोट भरायचंय त्याच्यावर."

टोमॅटोच्या बीला एक बुळबुळीत आवरण असतं. फळातल्या फळात बी रुजू नये म्हणून निसर्गाने केलेली ती व्यवस्था. ते काढायचं तर बिया रसासकट दोन-तीन दिवस आंबवायच्या. आवरण सुटतं, चांगल्या बिया तळाशी बसतात, पोचट वर तरंगतात. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशी कपावर पांढरी साय धरली आणि तिसऱ्या दिवशी घरात असा वास सुटला की हिने आधी कचऱ्याचा डबा धुतला, मग मोरी धुतली, मग माझ्याकडे पाहिलं. कप खिडकीच्या पडद्यामागे सापडला. भांड्यांना येणाऱ्या ताईंनी तो अत्यंत कर्तव्यबुद्धीने घासून, पुसून, पालथा घातला. दीडशे झाडं गेली. दुसरा टोमॅटो मला चोरून आणावा लागला. अशा महागाईत चोरून टोमॅटो आणणारा नवरा हा कुठल्या संशयाचा विषय होतो, ते ज्याचं त्यालाच कळतं.

या खेपेला कप गच्चीत ठेवला. बिया धुतल्या आणि वाळायला वर्तमानपत्रावर पसरल्या. बी कागदावर वाळवू नये, चिनी मातीच्या बशीत वाळवावं, हे मला नंतर समजलं. वाळल्यावर बिया कागदाला अशा चिकटल्या की नखाने काढायला गेलं तर तुटायच्या. पान रविवारचं होतं आणि बिया पसरल्या होत्या बरोबर 'वधू पाहिजे'च्या रकान्यावर. शेवटी मी कात्री घेतली आणि एकेका बीसकट जाहिरातीचे तुकडे कापून तसेच कपांत पेरले. कुठल्या कपात काय हे कळावं म्हणून तुकड्यावर जे छापलं होतं तेच बाहेर चिकटपट्टीवर लिहिलं. अकरा रोपं आली. निर्व्यसनी, एकुलता एक, स्वतःचा फ्लॅट, सहा अंकी पगार, सौम्य मंगळ, घरंदाज, अपेक्षा अनुरूप, मध्यस्थ क्षमस्व... बाकीची नावं वाचकाने कुठलाही रविवार काढून पाहावीत.

कुंड्या गच्चीत गेल्या त्या दिवशी शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालायला आल्या आणि पाट्या वाचून आल्या पावली परतल्या. संध्याकाळी हिला विचारणा झाली, "भाचीचं जमवताय का कुठे?"

भाची आहे, पण ती कृषी महाविद्यालयात शिकते आणि सध्या लग्नापेक्षा तिला आनुवंशिकीत जास्त रस आहे. तिनेच मला हायब्रीडची खरी गोष्ट सांगितली, आणि ती ऐकल्यावर माझ्या पाट्या मलाच भलत्या समर्पक वाटू लागल्या. हायब्रीड म्हणजे ठरवून केलेलं लग्न. दोन्हीकडची घराणी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःतच वाढवून एकसुरी केलेली. मग एकाच्या कळ्या उमलण्याआधी चिमट्याने उघडून त्यातले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्याचे परागकण आणून लावायचे, एकेका फुलाला, हाताने. कर्नाटकात राणीबेन्नूरकडे, आपल्याकडे बुलढाण्यात देऊळगाव राजाच्या भागात, शेडनेटमध्ये वाकून बायका हेच काम करतात. दोन घराण्यांची ही पहिली संतती सगळी एका साच्यातली निघते: एका उंचीची, एका रंगाची, क्रेटमध्ये एकावर एक रचता येईल अशी. त्यातल्या एकाच्या पोटातल्या बिया मी कपात धरल्या होत्या. म्हणजे माझी अकरा रोपं ही नातवंडं. आणि नातवंडांत काय होतं ते आपण श्राद्धपक्षाला एका पंक्तीत बसलेलं पाहतोच. कोणाचं नाक आजोबांचं, कोणाचा राग आत्याचा, आणि एखादा असा की सगळे मिळून म्हणतात, हा कोणावर गेलाय?

"मामा, कंपनी आईबाप कोण ते सांगत नाही," भाची म्हणाली. "तुम्हाला नातवंडं पाहून ओळखावं लागेल."

मेंडेल नावाच्या पाद्र्याने ब्रनोच्या मठात वाटाण्यावर हेच केलं. 1865 साली त्याने ते वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि 1900 पर्यंत कोणी ढुंकून पाहिलं नाही. पहिल्या पिढीत लपलेला गुण दुसऱ्या पिढीत चारांत एकाला उघडा पडतो, हा त्याचा हिशेब. त्याने हजारोंनी रोपं मोजली तेव्हा तो जमला. माझ्याकडे अकरा. शिवाय मठाच्या बागेला हाउसिंग सोसायटी नव्हती. आमच्या सेक्रेटरींना गच्चीवरची प्रत्येक कुंडी ही पाचव्या मजल्याच्या छताला पडू घातलेलं भोक दिसते.

डिसेंबरपर्यंत नातवंडांनी रंग दाखवले. 'निर्व्यसनी' सगळ्यांत आधी गेलं. पानं वळली, आखडली, शेंडा मुठीसारखा मिटला. अण्णाला फोटो पाठवला. "व्हायरस. उपटून टाक," त्याचं उत्तर आलं. पांढरी माशी आणते तो हा रोग. आजोबांकडे बहुधा त्याला टक्कर द्यायचा गुण होता, याच्या वाट्याला आला नाही. व्यसन नाही, पाप नाही, तरी बिचारं वाळलं. 'स्वतःचा फ्लॅट' दीड पुरुष वाढलं आणि शेजारच्या डिशच्या तारेवर चढलं. त्याच्याच शेजारचं 'अपेक्षा अनुरूप' गुडघाभर झुडूप होऊन तिथेच थांबलं. 'एकुलता एक'ला फळही एकच आलं. 'सहा अंकी पगार'ला बोराएवढी फळं घोसाघोसाने लागली. मोजायला खूप, खायला काही नाही. जाहिरातीवर इतका विश्वास माझा कधीच नव्हता.

पण खरा चमत्कार केला तो 'सौम्य मंगळ'ने. फळ झकास: गोल, घट्ट, गुळगुळीत. हिरव्याचं पोपटी झालं, पोपटीचं पिवळं झालं आणि तिथे गाडी थांबली. नावात मंगळ असून लाल व्हायचं नाव नाही. तोडून तांदळाच्या डब्यात ठेवलं, केळ्याबरोबर पिशवीत ठेवलं, शेवटी फ्रिजवर ठेवून विसरलो. महिन्याने पाहिलं तर तसंच. सुरकुती नाही, डाग नाही. आमच्या घरात वयाची इतकी चांगली लपवाछपवी कोणाला जमलेली नाही.

भाचीने फळ हातात घेऊन फिरवलं. "मामा, हा रिन असणार."

"साबण?"

"जीन. पिकू न देणारा."

मी तोवर कागदावर 'ऋण' असं लिहूनही घेतलं होतं. तिने समजावलं. टिकाऊ हायब्रीड करताना एका बाजूच्या घराण्यात हा न पिकणारा गुण मुद्दाम ठेवतात. एकाच बाजूने आला तर फळ पिकतं, पण सावकाश. पुणे-दिल्ली प्रवास करूनही ताठ राहतं. दोन्ही बाजूंनी आला की फळ पिकतच नाही. पहिल्या पिढीत तो एकेरी असतो, म्हणून लपतो. नातवंडांत चारांत एकाला दुहेरी. मला माझं 'ऋण' खोडावंसं वाटेना. आजोबांनी काढलेलं, बापाने हप्ते भरत तोलून धरलेलं, आणि नातवाच्या अंगावर सगळं एकदम आलेलं कर्ज आम्ही आमच्या भावकीत पाहिलंय. तोही असाच पिवळा पडून बसला होता.

कर्जावरून आठवलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी बाइल्स नावाचा एक गॅरेजवाला होता. लोक त्याला 'रेडिएटर चार्ली' म्हणत. चढावर गाड्यांचे रेडिएटर तापून फुटायचे आणि पायथ्याशी याचं दुकान. त्याने एक मोठ्या फळाचं टोमॅटोचं झाड मधोमध लावलं, भोवती दुसऱ्या जातींची दहा, आणि भोवतालच्यांचे परागकण मधल्याला लावत सुटला. मग सहा वर्षं निवड. शेवटी जे हाती लागलं त्याची रोपं त्याने एकेक डॉलरला विकली आणि घरावरचं सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं. त्या वाणाचं नावच पडलं 'मॉर्टगेज लिफ्टर', गहाणसोडव्या! ही गोष्ट मी हिला रात्री जेवताना सांगितली. आमच्या फ्लॅटचे तेव्हा तीन वर्षांचे हप्ते बाकी होते. "तुमची किती रोपं विकली गेली?" तिने विचारलं. एकही नाही. काही फुकट वाटली, त्यातली बरीच मेली, आणि दोघांनी येऊन तक्रार केली.

ही सहा वर्षं म्हणजे काय, ते भाचीने सांगितलं आणि मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं. शेजारच्या कुंडीशी भानगड क्वचित. त्यामुळे दर पिढीला आतली सरमिसळ निम्मी होत जाते. हायब्रीडमध्ये सरमिसळ सोळा आणे धरली, तर त्याच्या बियांतून आलेल्या झाडात सरासरी आठ आणे. पुढच्यात चार, मग दोन, मग एक आणा. जुन्या पैशात किती सोपं! सातव्या-आठव्या पिढीला पैसे-पै उरतात, आणि मग बापासारखं पोरगं निघू लागतं. दर पिढीला आपण फक्त एकच करायचं: आवडलेलं ठेवायचं, बाकीचं टाकायचं.

हे 'फक्त' भलतंच अवघड निघालं. टाकायचं! ज्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे तीन आकारांत रचून ठेवलेत, जिथे 2011 च्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर किराणा लिहिला जातो, तिथे जिवंत झाड उपटायचं कोणी? ज्याला फळ धरलं नाही त्याला मी जास्त पाणी घालायचो. ज्याची पानं पिवळी त्याला गांडूळखताची जादा मूठ. भाची ओरडली, "मामा, तुम्ही उलटी निवड करताय! असं चाललं तर आठ वर्षांनी जगातला सर्वांत दुबळा टोमॅटो तुमच्या नावावर असेल." शिवाय मी बी धरायचं ते सुंदर फळ पाहून. तेही चूक. निवड झाडाची करायची, फळाची नाही. एका झाडावरची सगळी फळं आतून एकाच वंशाची. त्यातलं एक देखणं निघालं ते उन्हाने किंवा योगायोगाने. मुलाचा फोटो पाहून भुलू नका, घरी जाऊन या, हे जाहिराती वाचणाऱ्याला तरी कळायला हवं होतं.

मग निवड कोणत्या गुणावर करायची यावर घरात सभा झाली. ही म्हणाली, साराला गर हवा, कोशिंबिरीत पाणी सुटता कामा नये. मला खोकाभर माल हवा होता. आणि माझी आई तेव्हा अकोल्याहून राहायला आली होती. तिच्या तोंडी टोमॅटो हा शब्दच नाही, ती भेदरं म्हणते. तिने एकेक फोड मीठ लावून तोंडात टाकली आणि प्रत्येकीला एकच शेरा दिला, "पानचट." एकाच झाडापाशी ती थांबली. त्याच्या फळांना देठाजवळ गडद हिरवे खांदे होते, बाजारात असलं फळ कोणी उचलणार नाही. पूर्वी टोमॅटो असेच असायचे. सगळं फळ एकसारखं लाल पिकावं म्हणून ते खांदे घालवले, आणि त्या हिरव्यातच साखर करणारा भाग जास्त असतो हे शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये शोधून काढलं. आईने ते जिभेवर शोधलं. आंबट, मग गोड, मग पुन्हा आंबट. "हे भेदरं हाय," ती म्हणाली. पाटी पाहिली: 'मध्यस्थ क्षमस्व'.

अण्णाला कळवलं तेव्हा तो इतका हसला की फोन बाजूला धरावा लागला. त्याने आयुष्यभर वीस-वीस किलोची क्रेट भरून बाजारात नेलीत. कधी त्या क्रेटमागे हजारांवर पैसे आले, कधी तोडणीची मजुरी सुटेना म्हणून तोच माल रस्त्याकडेला ओतावा लागला, आणि दोन्ही वेळा दलालाचा चहा काही थांबला नाही. "ह्या नावाचा वाण काढ," तो म्हणाला, "पहिला मी लावीन. कसा बी निघू दे."

'मध्यस्थ क्षमस्व'ची पुढची पिढी 2024 मध्ये आली. आठ झाडं, त्यातल्या पाचांना हिरवे खांदे नव्हते असं मला वाटलं. भाचीने येऊन मोजलं तर सगळ्या आठांना होते, मीच चष्मा न लावता पाहत होतो. हिरवा खांदा तिथे पक्का झाला होता, पण दोन झाडांची फळं भेगाळत होती आणि एक अगदीच उशिरा येत होतं. या वेळी मी मन घट्ट केलं. दोन झाडं उपटली. तिसरं रात्री परत लावलं.

मधल्या काळात सेक्रेटरींनी कायदाही काढला. हायब्रीडचं बी धरणं गुन्हा आहे, कंपनी सोसायटीवर खटला भरेल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना 2001 चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा वाचून दाखवला: आपल्या शेतातलं बी ठेवावं, पेरावं, द्यावं-घ्यावं, विकावंसुद्धा, फक्त ब्रँडचं नाव लावून विकू नये. "पण तुम्ही शेतकरी कुठे आहात?" त्यांनी विचारलं. हा घाव वर्मी बसला. हीसुद्धा म्हणाली, "राहीबाई पोपेऱ्यांनी कोंभाळण्यात गावरान बी जपलं, त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही बाजारातलं जपताय, तुम्हाला नोटीस मिळेल."

ती मिळालीच, पण यंदा. चौथी पिढी, म्हणजे आणेवारीने दोन आणे उरलेले. सहा झाडांत एक असं निघालं की आई, ही आणि मी, तिघंही एका मताने गप्प झालो. आमच्याकडे हे एकमत यापूर्वी फक्त एका स्थळाबद्दल झालं होतं, आणि तेव्हा मुलीने नकार दिला होता. या झाडाच्या दुसऱ्या घोसातली तीन फळं बियांसाठी राखायची ठरली. 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून आमच्या इमारतीत काहीही वाचत नाही, उलट लोक चव बघतात. म्हणून मी घोसाला देवघरातला लाल दोरा बांधला. ओळखू यावा, एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी दोऱ्याशेजारी आणखी एक दोरा होता. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी कुंडीत हळदकुंकू होतं आणि एक रुपयाचं नाणं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाला त्याच आठवड्यात व्हिसा मिळाला, त्यानंतर उदबत्तीही आली. फळं पिकून गर्द लाल झाली, खाली टेकू लागली, बी धरायची हीच वेळ. मी हात पुढे केला तर मागून ओरडा आला, "अहो, तोडताय काय! कोणी बांधलाय तो दोरा, माहीत तरी आहे का?"

मी हात मागे घेतला. तेवढ्यात सेक्रेटरी जिना चढून वर आले. हातात नोटीस होती: गच्चीवरील सर्व कुंड्या आठ दिवसांत हटवाव्यात. ते वाचायला सुरुवात करणार इतक्यात त्यांची नजर कुंडीवर गेली. दोरे मोजले. नाणं पाहिलं. मग त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली आणि चपला काढल्या.